सूर्यग्रहण चारचौघांत बघायचं तर: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोमवारी, २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे आणि ढगांनी वाट दिली तर ते कोल्हापुरातून दिसणार आहे. आम्ही ज्योतिषी नाही, खगोलशास्त्रज्ञही नाही. ग्रहण आलं की गल्लीत आरसा लावून भिंतीवर सूर्य पाडणारी हौशी मंडळी आहोत. तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर आणि लग्नाच्या पंगतीतही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

कोल्हापुरातून नक्की काय दिसणार?

खंडग्रास. चंद्र सूर्याचा एक भाग झाकेल, बाकीचा तळपतच राहील. पाखरं घरट्यात परतणं, भर दिवसा चांदण्या दिसणं यातलं काही होणार नाही. दुपार कलल्यावर, ढोबळमानाने चार ते सहाच्या दरम्यान हा खेळ आहे. स्पर्श (ग्रहण लागणं), मध्य आणि मोक्ष (ग्रहण सुटणं) यांच्या मिनिटांसाठी त्या वर्षीचं पंचांग उघडा, पण त्यातली वेळ कोणत्या गावाची दिली आहे तेही बघा. मुंबईची वेळ धरून कोल्हापुरात बसलात तर चुकामूक व्हायची.

खग्रासाचा पट्टा आपल्यापासून दूर आहे. दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा तो जातो. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकला जाईल. इतका वेळ फार क्वचित मिळतो.

खग्रास नाही, मग एवढा गाजावाजा कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यात तथ्य आहे. खग्रासात आकाशच सगळं काम करतं. शेवटचा किरण विझतो, हिऱ्याची अंगठी चमकते, प्रभामंडल उमटतं आणि न शिकवताही माणसं ओरडतात. खंडग्रासात असा एकही क्षण नसतो. चंद्र सावकाश सरकतो, दहा मिनिटांनी बघितलं तर चकतीचा लचका जरा मोठा झालेला असतो, इतकंच. एकट्यानं चष्मा लावून बघितलं तर पाचव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो.

पण तेच वीस जण मिळून बघा. स्पर्शाची वेळ झाली की वाद सुरू होतो. एक पोरगं म्हणतं, "लागलं, लागलं, खालून लागलं!" दुसरं म्हणतं, "काय नाही भावा, चष्म्यावर डाग हाय." चष्मा या हातातून त्या हातात जातो. कुणीतरी काकू "बघू बघू" म्हणत पुढं येतात आणि "अगं बाई, खरंच की" म्हणतात, तेव्हा वाद मिटतो. त्यानंतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी ताजी बातमी देत राहतं. खंडग्रासातली मजा निम्मी वर असते, निम्मी आपण खाली तयार करायची असते. म्हणून आमचा आग्रह चष्मे वाटण्यापेक्षा भिंतीवर सूर्य पाडण्याचा आहे. चष्म्यातून एका वेळी एकालाच दिसतं, भिंतीवर सगळ्या गल्लीला.

आणि सूर्य बघायला गर्दी करणं कोल्हापूरला नवीन कुठं आहे? नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, तेव्हा चरणांपर्यंत पोचले का, कमरेपर्यंत चढले का, मुखावर पडले का, हे बघायला माणसं श्वास रोखून उभी असतात. ढग आले, वाटेत धूळ असली की हळहळतात, साधलं की दुसऱ्या दिवशी पेठापेठांत तीच चर्चा. सूर्य मिनिटामिनिटाला कुठं पोचला हे इतक्या बारकाईनं बघणारं शहर ग्रहणाला घरात बसलं तर नवलच म्हणायचं.

टीव्हीवर थेट दाखवतात की. मग गच्चीवर कशाला?

लक्सरचं खग्रास टीव्हीवर जरूर बघा, ते इथून दिसणारच नाही. पण फुटबॉलच्या डर्बीचा सामना टीव्हीवर बघणं वेगळं आणि शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालमीच्या पाठीराख्यांत बसून बघणं वेगळं, हे कोल्हापूरकराला आम्ही सांगावं का?

साध्या डोळ्यांनी बघितलं तर खरंच काही होतं?

होतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजत असताना पत्ता लागत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो. तो कधी भरून येतो, कधी कायमचा राहतो. ग्रहणात सूर्याचे किरण जास्त विषारी होतात हे मात्र खोटं. ते रोजचेच असतात. फरक इतकाच की एरवी आपण सूर्याकडे टक लावून बघत नाही आणि त्या दिवशी बघतो.

आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेला ग्रहणचष्मा घ्या. नुसत्या छापावर विसंबू नका, घरात लावून बघा. ट्यूबलाइटसुद्धा दिसता कामा नये, किंवा अगदी पुसट दिसावी. चरा किंवा भोक असेल तर फेकून द्या. गॉगल एकावर एक तीन लावले तरी चालत नाहीत. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, जुनी सीडी, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं बाद. परातीची पद्धत घरोघरी होती हे मान्य, पण पाण्यातून परावर्तित झालेला सूर्यही डोळ्याला भारीच असतो.

उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. वेल्डिंगची काच चालेल का?

काचेवरचा नंबर बघा. १४ नंबर असेल तर चालते, सूर्य हिरवट दिसतो इतकंच. पण रोजच्या कामाला बहुतेक ठिकाणी १० किंवा ११ नंबर वापरतात, आणि तो सूर्यासाठी पुरत नाही. "आम्ही रोज ठिणग्या बघतो, आम्हाला काय होतंय" असं म्हणणारे उद्यमनगरातही भेटतात आणि गोकुळ शिरगावातही. त्यांना आमचं एवढंच सांगणं की काचेवर नंबर दिसत नसेल तर ती काच खाली ठेवा आणि भिंतीकडे बघा.

आरशानं भिंतीवर सूर्य पाडायचा म्हणजे काय करायचं?

दाढीचा छोटा आरसा घ्या. त्यावर जाड कागद चिकटवा आणि कागदाला बोटाच्या नखाएवढं भोक पाडा. आरसा उन्हात ठेवा आणि त्याचा कवडसा दूरच्या, सावलीतल्या भिंतीवर पाडा. जवळून पाडलात तर भोकाचाच आकार दिसेल. लांब गेलात की भोक चौकोनी असो वा वेडंवाकडं, भिंतीवर सूर्याची गोल चकती उमटते, आणि ग्रहण असेल तर कोर उमटते. अंतराच्या साधारण १०९ वा भाग एवढा तिचा व्यास असतो. म्हणजे दहा मीटरवर नऊ सेंटिमीटर, वीस मीटरवर अठरा. गल्लीच्या या टोकाला आरसा आणि त्या टोकाला भिंत असेल तर उत्तमच.

कोर मोठी हवी म्हणून लांब गेलात की ती फिकी होते, आणि फिकी दिसायला अंधार लागतो. म्हणून तालमीची आतली खोली सोन्याहून पिवळी. जाड भिंती, लहान खिडक्या, आत कायम मंद उजेड. दार उघडं ठेवायचं, आरसा बाहेर उन्हात, कवडसा आत. वस्तादांना आधी विचारा आणि मातीत चपला घालून जाऊ नका. ग्रहणाचा उत्साह सांगून ती चूक माफ होत नाही.

दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. आरशाजवळ एक जबाबदार माणूस बसवायचा, कारण सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि कवडसा भिंतीवरून पळत राहतो. हा माणूस बसलेला असला की पोरं आरशात डोकावतही नाहीत. आरशात बघणं म्हणजे सूर्यातच बघणं.

आरसा नसेल तर पुरणाची चाळण उन्हात धरा, जमिनीवर शेकडो कोरी पडतील. बोटांत बोटं अडकवून जाळी केली तरी जमतं. बायकांनी चाळण आणली की हा प्रयोग हमखास रंगतो, कारण तीच चाळण दरवर्षी होळीला हातात असते आणि तिच्यात हे दडलंय याचा पत्ता नसतो.

जागा कोणती चांगली?

सूर्य पश्चिमेला असेल, पण बराच वर. त्यामुळे क्षितिजापर्यंत मोकळं लागत नाही, पश्चिमेची एक उंच इमारत टाळली की झालं. रंकाळ्याच्या शहराकडच्या काठावरून समोर पाणी आणि पश्चिम मोकळी मिळते. टेंबलाईची टेकडी चांगली, विद्यापीठाचा परिसर चांगला. "पन्हाळ्याला जाऊया" असं कुणीतरी म्हणणारच, त्याला थांबवा. ऑगस्टात पन्हाळ्यावर आणि जोतिबावर धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, सूर्य कुठला दिसणार? पंचगंगेचा घाटही नको, त्या दिवसांत तो पाण्याखाली असण्याचीच शक्यता जास्त.

खरं सांगायचं तर स्वतःची गल्ली सर्वांत चांगली. ज्यांना बाहेर पडायचं नसतं तेही दारापर्यंत येतात.

आणि ढग आले तर?

येणारच. ऑगस्टचा पहिला आठवडा, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडत असतात, अशा दिवसांत निरभ्र आकाशाची हमी कोण देणार? पण दोन तासांचं ग्रहण आहे, त्यात दहा मिनिटांची उघडीप पुरते. किंबहुना ढगांनी मजा वाढते. अर्धा तास कंटाळलेली माणसं कोर दिसताच जी आरोळी ठोकतात, ती निरभ्र आकाशाखाली ऐकू येत नाही.

पातळ ढगातून कोर नुसत्या डोळ्यांना सौम्य दिसते, तेव्हाच माणसं फसतात. ढग क्षणात सरकतो. चष्मा नाकावरच असू द्या.

ज्यांना धोका पत्करायचा नाही त्यांनी सकाळीच पूर्वेला निघावं. मिरज ओलांडून जतकडं गेलात की पाऊस उतरत जातो. तो पर्जन्यछायेचा मुलूख आहे, दुष्काळाची ती जागा या एका दिवसासाठी भाग्याची. तिथंही खात्री नाही, पण कोल्हापूरपेक्षा पारडं नक्कीच जड.

मोबाइलनं फोटो येईल का?

भिंतीवरच्या कोरीचा झकास येतो. थेट सूर्याचा काढायचा हट्ट असेल तर लेन्ससमोर ग्रहणचष्म्याची फिल्म धरा. दुर्बीण असेल तर गाळणी पुढच्या तोंडाला बसवायची. मागे, डोळ्याजवळ बसवलेली गाळणी उष्णतेनं तडकते आणि मग काय होतं ते लिहायला नको.

वेध, जेवण, गरोदर बायका, याचं काय?

त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशी श्रावण. त्यात वार सोमवार. तांबडा-पांढरा रस्सा बहुतेक घरांत आदल्या दिवशी, रविवारीच उरकला जाईल, त्यामुळे ग्रहण आणि गटारी यांची टक्कर होणार नाही असा आमचा अंदाज.

गंभीरपणे सांगायचं तर ग्रहणामुळे अन्न नासत नाही. ऑगस्टातल्या दमट हवेनं नासतं, ते ग्रहण असो वा नसो. गरोदर बाईनं भाजी चिरली म्हणून बाळाला व्यंग येतं, याला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. उलट दिवसभर उपाशी, पाण्याविना, एका जागी पडून राहणं तिला त्रासाचं. रक्तातली साखर कमी होणाऱ्यांनीही वेध पाळण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आमच्या आजी ग्रहण संपेपर्यंत देवघरातून उठत नाहीत. त्यांना कसं समजवायचं?

समजवू नका. जप करणाऱ्या आजींशी वाद घालून कुणाचंही भलं झालेलं नाही. मोक्ष झाला की त्या आंघोळ करतील, "दे दान सुटे गिरान" म्हणत कुणी दारात आलं तर पसाभर धान्य देतील. ग्रहणाला गल्ली एक होण्याची ती जुनी रीतच आहे. पण आरशाची एक गंमत अशी की कवडसा देवघराच्या भिंतीवरही पाडता येतो. आधी विचारा, "आजी, सूर्यनारायण भिंतीवर आणू का?" आजीनं नाही म्हटलं तर नाही. बहुतेक वेळा माळ हातातच राहते आणि नजर भिंतीकडं वळते.

दर अमावास्येला ग्रहण का होत नाही?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते.

कोल्हापुरात खग्रास कधी दिसलं होतं का?

हो, आणि ते साधंसुधं नव्हतं. १८ ऑगस्ट १८६८ ला सकाळी खग्रासाची सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाच्या बाजूनं चढली आणि जमखंडीवरून गुंटूरकडं गेली. नकाशावर विजयदुर्ग आणि जमखंडी जोडणारी रेघ ओढा, कोल्हापूर जवळजवळ तिच्यावरच येतं. तेव्हा गादीवर दुसरे राजाराम महाराज होते. शाहू महाराजांचा जन्म व्हायला अजून सहा वर्षं होती.

जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, लंडनच्या रॉयल सोसायटीची मोहीम उतरली होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. ऑगस्टचे ढग त्यांनाही चुकले नाहीत. तरी ढगांच्या फटीतून त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशातले सुटे केलेले रंग, बघितला आणि त्यात तेजस्वी रेषा सापडल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा बघितल्या. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमची नव्हती. तिच्यातूनच पुढे हेलियम सापडला. सूर्यावर आधी ओळखला गेलेला आणि पृथ्वीवर थेट १८९५ मध्ये हाती आलेला वायू.

मग हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला म्हणतात ते?

किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि नॉर्मन लॉकियर यांचं नाव सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासासाठी. १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्येच होते आणि त्या ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणाशिवाय ती पिवळी रेषा तिथूनच बघितली. दोन ग्रहणं, एकच किल्ला आणि तीस वर्षांचं अंतर, यातून कहाणीची गाठ पडली असावी. गाठ सोडवल्यानं किल्ल्याचं महत्त्व कमी होत नाही. तीस वर्षांत दोनदा खग्रासाची सावली अंगावर घेतलेले किल्ले किती असतील? गगनबावड्याच्या घाटातून उतरून एकदा जरूर जाऊन या, ग्रहण नसलं तरी.

१९८० च्या ग्रहणाचं वडीलधारे अजून सांगतात. तेही खग्रास होतं का?

१६ फेब्रुवारी १९८० चा पट्टा कारवार-अंकोल्याकडून हुबळी, गदग, रायचूर असा गेला. कोल्हापूर त्याच्या उत्तरेला राहिलं, त्यामुळे इथं खंडग्रासच, पण खूप खोल. उन्हाचा रंग बदलला एवढं दिसलं असणार. पण "असणार" म्हणावं लागतं, कारण त्या दुपारी देशभर माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसली आणि रस्ते ओस पडले. भीती डोळ्यांची होती आणि ती खरीच होती. पण डोळे सांभाळून बघता येतं हे सांगणारं कुणी गल्लीत नव्हतं. आम्ही आरसे घेऊन फिरतो त्यामागे त्या वर्षीची हुकलेली दुपार आहे असं समजा.

२०२७ चं ग्रहण २००९ च्या ग्रहणासारखंच आहे म्हणतात, ते कसं?

१८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ त्याच मांडणीत येतात. याला सॅरोस म्हणतात. २२ जुलै २००९ चं, सुरत-पाटण्यावरून गेलेलं ग्रहण आणि हे, एकाच घराण्यातले. जास्तीच्या आठ तासांत पृथ्वी फिरून जाते म्हणून पट्टा दरवेळी वेगळ्या देशात पडतो. याच घराण्यातल्या २९ मे १९१९ च्या ग्रहणात आइन्स्टाइन यांचा प्रकाश वाकण्याचा सिद्धान्त तपासला गेला. घराणं नामांकित आहे.

हे हुकलं तर पुढचं कधी?

२१ मे २०३१, बुधवार. हे कंकणाकृती आहे आणि त्याचा पट्टा केरळ-तमिळनाडूतून जातो. कोल्हापुरात खंडग्रास, पण २०२७ पेक्षा मोठं. आणि वेळ भर दुपारची, सूर्य जवळजवळ डोक्यावर. तेव्हा आरसा-भिंतीचा खटाटोप नको, झाडाखाली जायचं. पानांतल्या फटी भोकांचं काम करतात आणि सावलीत सगळीकडं कोरी सांडतात. मे महिना, आंब्याची सावली, ढगांची कटकट कमी. आमच्या मते कोल्हापूरकरांचं खरं ग्रहण ते आहे. २०२७ ही रंगीत तालीम समजायला हरकत नाही.

खग्रासच हवं असेल तर २० मार्च २०३४. भारतात त्याचा पट्टा कारगिलच्या बाजूनं जातो. मार्चात तिथं बर्फ असतो, तेव्हा कोल्हापुरी चपलांवर जाता येणार नाही.

लहान मुलांना आणू का?

आणा. चष्मा मात्र मोठ्यांनी आपल्या हातानं धरून दाखवायचा, मुलांच्या नाकावरून तो घसरतो. सोमवार आहे, शाळा सुटायच्या वेळेलाच ग्रहण. शिक्षकांना आठवडाभर आधी भेटा. शाळेच्या व्हरांड्यात एक आरसा लावला की दोनशे पोरं एका फटक्यात बघतात.

वर्गणी किती?

काही नाही. आरसा घरून आणा, चहा आमच्याकडं.

नंतर चष्म्यांचं काय करायचं?

टाकू नका. लिफाफ्यात सपाट ठेवून फडताळात ठेवा, घडीवर फिल्म तडकते. २०३१ च्या आधी ट्यूबलाइटची परीक्षा पुन्हा घ्या, चरे पडले असतील तर कात्रीनं कापून टाका म्हणजे चुकून कुणी वापरणार नाही. मधल्या काळात सूर्यावर मोठा डाग आल्याची बातमी वाचलीत तर हाच चष्मा लावून बघा. डाग खरंच मोठा असेल तर काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. दिसला की शेजाऱ्यांना हाक मारायची.